खिशातला ठराव: जॉर्ज नॉरिस आणि मार्च १९१० मधलं बंड

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाबद्दल एक किस्सा सांगितला जायचा. एका मतदाराने आपल्या प्रतिनिधीकडे सभागृहाच्या नियमांची प्रत मागितली, तर त्याने सभापती जोसेफ कॅनन यांचा फोटो पाठवून दिला. किस्सा रचलेला असेल, पण त्या सभागृहात बसणाऱ्या कुणालाही तो अतिरंजित वाटला नसता.

कॅनन १९०३ पासून सभापती होते. इलिनॉयमधल्या डॅनव्हिलचे, तोंडात कायम सिगार, बोलणं गावरान, टोपणनाव ‘अंकल जो’. कोणता सदस्य कोणत्या समितीवर जाणार हे तेच ठरवत. बोलायला उभं राहिलेल्या सदस्याला ‘आपण कशासाठी उभे आहात?’ असं विचारून बोलू द्यायचं की नाही, हेही तेच ठरवत. आणि कोणतं विधेयक कधी, किती वेळ, कोणत्या अटींवर सभागृहासमोर येईल हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्षही तेच. समिती पाच जणांची, तीन बहुमतवाले आणि दोन विरोधक. म्हणजे कॅनन, त्यांचे विश्वासू जॉन डाल्झेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी एका खोलीत मान डोलावली की अख्ख्या सभागृहाचा कार्यक्रम ठरला. जंगलं आणि निसर्गरम्य जागा राखण्याच्या मागणीवर ‘देखाव्यासाठी एक सेंटही मिळणार नाही’ असं उत्तर त्यांच्या नावावर आहे.

जॉर्ज नॉरिस त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे. जन्म ११ जुलै १८६१, ओहायोतल्या शेतकरी घरात. तीन वर्षांचे असताना वडील गेले, त्याच वर्षी मोठा भाऊ यादवी युद्धात गेला. कायद्याचं शिक्षण घेऊन ते नेब्रास्कात आले, वकिली केली, जिल्हा न्यायाधीश झाले. अठराशे नव्वदच्या दशकात दुष्काळाने त्या भागातले शेतकरी कर्जात बुडाले होते. जमिनीच्या जप्तीची प्रकरणं नॉरिस यांच्यासमोर रोजच येत, आणि प्रामाणिक ऋणकोला जमेल तेवढी मुदत देणारा न्यायाधीश अशी त्यांची ओळख झाली. १९०२ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले तेव्हा बंडखोर वगैरे काही नव्हते. रिपब्लिकन म्हणजे चांगलं आणि डेमोक्रॅट म्हणजे वाईट, अशी त्यांची सरळ समजूत होती.

ती समजूत तुटली एका किरकोळ प्रसंगात. वॉशिंग्टन यांच्या जयंतीनिमित्त कामकाज तहकूब करावं असं एका डेमोक्रॅट सदस्याने सुचवलं. नॉरिस यांना ते रास्त वाटलं, त्यांनी बाजूने मत दिलं आणि आपल्याच पक्षातल्यांची बोलणी खाल्ली. राष्ट्रपित्याच्या जयंतीलाही पक्षादेश लागतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यानंतर ते कॅनन यांच्या गैरमर्जीतल्या गटात सरकत गेले. १९०८ ची निवडणूक ते अवघ्या २२ मतांनी जिंकले. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. पुढचं सगळं करणारा माणूस सुरक्षित मतदारसंघात बसलेला नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

कॅनन यांच्याविरुद्ध मतं नव्हती असं नाही. ६१ व्या काँग्रेसमध्ये, म्हणजे १९०९ ते १९११ च्या संसदेत, प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन २१९ आणि डेमोक्रॅट १७२. मध्य-पश्चिमेतले तीसचाळीस रिपब्लिकन फुटले आणि डेमोक्रॅट एकत्र राहिले, की बहुमत जुळत होतं. अडचण होती ती मतदानापर्यंत पोचण्याची. नियम बदलायचा तर ठराव मांडायला हवा. मांडलेला ठराव नियम समितीकडे जाणार. समितीत कॅनन बसलेले. ठराव तिथेच मरणार. सभापतीचे अधिकार कमी करायला सभापतीची परवानगी लागत होती.

नॉरिस यांच्याकडे ठराव तयार होता. तो कागद ते कोटाच्या खिशात घालून फिरत, इतके दिवस की तो पार चुरगळून गेला होता. दरवाजा सापडला की लगेच आत शिरता यावं म्हणून.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गप्प बसण्याचा, आणि तो मोहात पाडणारा होता. मतदारसंघातल्या पोस्टमास्तरांपासून बऱ्याच नेमणुका सत्ताधारी प्रतिनिधीच्या शिफारशीने होत. १९१० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या प्रशासनाने बंडखोरांच्या शिफारशी थांबवल्याच होत्या. २२ मतांनी निवडून आलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

दुसरा पर्याय वापरून झाला होता. नव्या काँग्रेसच्या पहिल्या दिवशी जुने नियम पुन्हा स्वीकारावे लागतात, तेव्हाच अडवायचं. मार्च १९०९ मध्ये डेमोक्रॅट नेते चँप क्लार्क आणि बंडखोर यांनी हा डाव टाकला. पण न्यूयॉर्कचे जॉन फिट्झजेराल्ड आणि त्यांच्यासोबतचे काही डेमोक्रॅट ऐनवेळी बाजूला झाले आणि एक सौम्य दुरुस्ती मंजूर करून कॅनन यांना वाचवलं. विरोधी पक्षाची एकजूट गृहीत धरता येत नाही, हा धडा नॉरिस यांना तिथे मिळाला असावा. वर्षभराने तडजोडीची वेळ आली तेव्हाची त्यांची लवचीकता मला या धड्यातूनच आलेली वाटते.

तिसरा पर्याय: कॅनन यांनाच पदावरून हटवायचं. बंडखोरांतल्या काहींना हेच हवं होतं, ते टाळ्या मिळवणारंही होतं. नॉरिस यांचं म्हणणं वेगळं होतं. माणूस बदलून नियम तसेच ठेवले, तर पुढचा सभापती त्याच खुर्चीत बसून तेच करेल.

चौथा म्हणजे वाट बघणं. नियमांच्या भिंतीत कुठे तरी भेग पडेल आणि ती कॅनन स्वतःच पाडतील, या आशेवर.

जानेवारीतली रंगीत तालीम

मोठ्या घटनेच्या झगमगाटात जानेवारीतला एक छोटा प्रसंग झाकला जातो, पण नॉरिस यांची पद्धत त्यातच जास्त स्वच्छ दिसते. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री बॅलिंजर आणि वनखात्याचे प्रमुख पिंशो यांच्यात सरकारी जमिनींवरून वाद पेटला होता. चौकशीसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमायची होती आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य अर्थातच सभापती निवडणार होते. ७ जानेवारीला चर्चेची सूत्रं डाल्झेल यांच्याकडे होती. डाल्झेल यांची जेवणाची वेळ ठरलेली, कॉफी आणि ‘पाय’ या गोड पदार्थाचा तुकडा. ते उठून गेले, सूत्रं वॉल्टर स्मिथ यांच्याकडे आली. नॉरिस यांनी स्मिथ यांच्याकडे दोन मिनिटं मागितली, ती मिळाली, आणि त्या दोन मिनिटांत दुरुस्ती मांडली: सदस्य सभापती नेमणार नाहीत, सभागृह निवडेल. दुरुस्ती १४९ विरुद्ध १४६ मतांनी मंजूर झाली.

तीन मतांचा फरक. पण कॅनन मतदानात हरू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं, आणि मतदान घडवून आणणं हीच खरी लढाई आहे हेही.

१६ ते १९ मार्च

भेग पडली बुधवारी, १६ मार्चला. १९०९ पासून बुधवार हा समित्यांच्या विधेयकांसाठी राखलेला दिवस होता. सभापतीच्या मनमानीवर उतारा म्हणून दिलेली ती छोटीशी सवलत. त्या दिवशी जनगणना समितीचे अध्यक्ष, इंडियानाचे एडगर क्रंपॅकर, जनगणनेसंबंधीचा ठराव घेऊन उभे राहिले. जनगणना राज्यघटनेतच सांगितलेली आहे, म्हणून तिला रोजच्या क्रमापेक्षा अग्रहक्क आहे, असा त्यांचा दावा. फिट्झजेराल्ड यांनी हरकतीचा मुद्दा घेतला. कॅनन यांनी क्रंपॅकर यांच्या बाजूने निर्णय दिला. सभागृहाने तो निर्णय फिरवला.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, तोच विषय पुन्हा आला. या वेळी सभागृहाने उलटं मत दिलं: होय, घटनेत असलेल्या विषयाला अग्रहक्क आहे. कॅनन यांची बाजू राहिली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

नॉरिस उभे राहिले. घटनेने अग्रहक्क दिलेला एक ठराव मला मांडायचा आहे, म्हणाले. घटनेने अग्रहक्क दिला असेल तर सदस्यांनी तो मांडावा, असं कॅनन यांचं उत्तर. खिशातला कागद बाहेर आला आणि कारकुनाने वाचायला घेतला. नियम समिती पंधरा जणांची असेल, नऊ बहुमताचे, सहा विरोधी. राज्यांचे भौगोलिक गट करून सदस्य निवडले जातील. सभापती त्या समितीत बसू शकणार नाहीत.

युक्तिवाद साधा होता. घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात म्हटलंय की प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम ठरवेल. घटनेत उल्लेख आहे म्हणून जनगणना रांग मोडून पुढे येऊ शकते, तर नियमही येऊ शकतात. कॅनन यांनी थोड्याच वेळापूर्वी स्वतःच्या सोयीसाठी उघडून घेतलेल्या दारातून नॉरिस आत आले होते.

डाल्झेल यांनी लगेच हरकतीचा मुद्दा घेतला. आता कॅनन यांनी तिथल्या तिथे निर्णय दिला असता, तर नॉरिस यांनी अपील केलं असतं आणि मतदान झालं असतं. कॅनन यांना ते परवडणारं नव्हतं. त्यांची बरीच माणसं सेंट पॅट्रिक दिनाच्या कार्यक्रमांसाठी बाहेर होती. म्हणून निर्णय लांबवायचा, भाषणं चालू द्यायची, दरम्यान माणसं गोळा करायची, असं ठरलं. बंडखोर आणि डेमोक्रॅट उठायला तयार नव्हते, तहकुबीचे प्रस्ताव हाणून पाडले जात होते. रात्र उलटली. गणसंख्या भरेना तेव्हा गैरहजर सदस्यांना धरून आणायला माणसं पाठवली गेली. बैठक सुमारे २६ तास चालली. १८ तारखेच्या दुपारी अखेर १९ च्या दुपारपर्यंत कामकाज थांबवायचं ठरलं.

तडजोडीचा प्रश्न

या एका दिवसाच्या मोकळ्या वेळेत दोन बाजूंनी दोन प्रस्ताव आले, आणि हाच या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णयाचा क्षण आहे.

कॅनन यांच्या गोटाची समिती मोठी करायला ना नव्हती. सभापतीला तिच्यातून वगळू नका, एवढंच. बंडखोरांनी हे नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. पंधरा काय पंचवीस सदस्य घेतले, तरी खुर्चीवर कॅनन असतील तर बाकीचे हात वर करायलाच आलेले असतात.

चँप क्लार्क यांच्या डेमोक्रॅटांच्या अटी वेगळ्या होत्या. समिती दहा जणांची, सहा-चार. भौगोलिक गट नकोत, सदस्य थेट सभागृह निवडेल. सभापती बाहेर, हे मान्य. नॉरिस यांनी हे स्वीकारलं. मतांचा हिशेब सरळ होता: डेमोक्रॅटांशिवाय ठराव पडणार, आणि मार्च १९०९ ची फूट ताजी होती.

पण सोडलं काय, तेही बघायला हवं. भौगोलिक गटांमुळे वेगवेगळ्या भागांतले सदस्य पक्षनेतृत्वाच्या परवानगीशिवाय समितीवर जाऊ शकले असते. ‘सभागृह निवडेल’ याचा व्यवहारातला अर्थ असा, की प्रत्येक पक्षाची बैठक यादी करेल आणि सभागृह शिक्का मारेल. सभापतीला वगळण्याची अट नॉरिस यांनी प्राणपणाने राखली, आणि समितीवर कोण बसणार हा प्रश्न हातातून जाऊ दिला.

१९ मार्चला कॅनन यांनी अखेर निर्णय दिला: ठराव नियमबाह्य. नॉरिस यांनी अपील केलं. सभागृहाने सभापतीचा निर्णय उलटवला आणि सुधारित ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर केला. बाजूने मत देणाऱ्यांत चाळीसेक रिपब्लिकन होते.

कॅनन यांची खेळी

लढाई हरलेल्या माणसाने त्यानंतर जे केलं, त्याला दाद द्यावी लागते. ७३ वर्षांचे कॅनन व्यासपीठावरून म्हणाले की खरं बहुमत आता डेमोक्रॅट आणि बंडखोर यांचं आहे. आपण राजीनामा देणार नाही, तो दुबळेपणाची कबुली ठरेल. पण सभापतिपद रिक्त करण्याचा प्रस्ताव कुणी मांडला, तर तो आपण मतदानाला घेऊ.

टेक्सासचे आल्बर्ट बर्लसन यांनी लगेच प्रस्ताव मांडला. बंडखोर कात्रीत सापडले. होय म्हणावं, तर डेमोक्रॅटांसोबत जाऊन आपल्याच पक्षाचा सभापती पाडल्याचा शिक्का बसणार. नाही म्हणावं, तर ज्याच्याविरुद्ध रात्र जागून काढली त्यालाच खुर्चीवर ठेवणार. प्रस्ताव १५५ विरुद्ध १९२ असा पडला. नॉरिस यांनी कॅनन यांना ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. नऊ बंडखोर मात्र हटवण्याच्या बाजूने गेले.

नॉरिस यांच्यावर तेव्हा आणि नंतरही टीका झाली, की ऐनवेळी माघार घेतली. मला तसं वाटत नाही. लढा पद्धतीविरुद्ध आहे असं दोन दिवस सांगून तिसऱ्या दिवशी माणूस पाडला असता, तर आधीच्या युक्तिवादावर पाणी पडलं असतं. कॅनन यांचा डाव मात्र साधला. ते सभापती राहिले, टाळ्याही त्यांनाच मिळाल्या.

पुढे काय झालं

नव्या नियम समितीवर रिपब्लिकनांतर्फे कॅनन यांच्याच बाजूची माणसं गेली आणि अध्यक्ष झाले जॉन डाल्झेल, तेच पायवाले डाल्झेल. सोडलेल्या भौगोलिक गटांची किंमत इतक्या लवकर दिसली.

नोव्हेंबर १९१० मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृह गमावलं आणि १९११ मध्ये क्लार्क सभापती झाले. समित्या नेमण्याचा अधिकारही तेव्हा सभापतीकडून गेला. तो पक्षाच्या बैठकीकडे आणि बहुमताचे नेते ऑस्कर अंडरवुड यांच्याकडे आला. ‘झार कॅनन’ गेले, ‘किंग कॉकस’ आला (कॉकस म्हणजे पक्षाची बैठक), असं लोक म्हणू लागले. काही वर्षांत ही बैठकशाहीही ढिली झाली आणि सत्ता ज्येष्ठतेने बसलेल्या समिती-अध्यक्षांकडे झिरपली. कॅनन १९१२ मध्ये पडले, १९१४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९२३ पर्यंत साधे सदस्य म्हणून बसले.

नॉरिस १९१३ मध्ये सेनेटवर गेले आणि तीस वर्षं राहिले. एप्रिल १९१७ मध्ये युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या सहा सेनेटरांत ते होते. १९३२ चा कामगार हक्कांचा नॉरिस-ला गार्डिया कायदा, १९३३ मधली टेनेसी खोरे प्राधिकरणाची स्थापना, १९३६ चा ग्रामीण विद्युतीकरण कायदा, हे त्यांचं काम. टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर आपल्याकडे दामोदर खोरे योजना आली. तिची आखणी चालली होती तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे तो विषय होता. १९४२ मध्ये नॉरिस निवडणूक हरले आणि १९४४ मध्ये मॅककुक इथे वारले.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. निवडणुकीत पडलेले सदस्य महिनोन्‌महिने कायदे करत बसतात, हे बंद करणारी घटनादुरुस्ती नॉरिस यांनी १९२३ पासून सेनेटमध्ये पुन्हापुन्हा मंजूर करून घेतली. प्रतिनिधिगृहातलं नेतृत्व तिला वर्षानुवर्षे अडवत राहिलं. १९१० मध्ये ज्या सभागृहाचं दार त्यांनी उघडलं, तेच त्यांच्या ठरावाला बंद होतं. विसावी घटनादुरुस्ती म्हणून ती अमलात आली १९३३ मध्ये.

वेगळं काय करता आलं असतं

पर्यायांपैकी वाट बघण्याचा पर्याय योग्य होता, आणि कॅनन यांनीच पाडलेला पायंडा वापरणं तर उत्तमच. सभापतीला हटवायला नकार देणंही मी बरोबर मानतो. माझा आक्षेप १८ मार्चच्या हिशेबाला आहे.

नॉरिस यांनी एका माणसाच्या हातातला अडवणुकीचा अधिकार काढून घेतला, पण अधिकार तसाच ठेवला. नियम समितीने विधेयक सोडलंच नाही तर काय, याचं उत्तर ठरावात नव्हतं. कॅनन निदान दिसत होते. त्यांना शिव्या घालता येत होत्या, त्यांच्या नावावर निवडणूक लढवता येत होती, आणि १९१० मध्ये ती लढवून जिंकताही आली. दहा-बारा जणांच्या समितीला कोण धरणार? १९५० च्या दशकात व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ या समितीचे अध्यक्ष होते. नागरी हक्कांचं विधेयक आलं की ते गोठ्याला आग लागली म्हणून शेतावर निघून जात, आणि अध्यक्षांशिवाय बैठक होत नसे. स्मिथ विधेयक अडवायला काहीही करतील हे माहीत होतं, पण जाळपोळीपर्यंत जातील असं वाटलं नव्हतं, असं सभापती सॅम रेबर्न म्हणाल्याचं सांगतात. त्याच रेबर्न यांना १९६१ मध्ये समितीत तीन माणसं वाढवायला सगळी पुण्याई पणाला लावावी लागली. ठराव २१७ विरुद्ध २१२ मतांनी तरला. सदस्यसंख्या झाली पंधरा, म्हणजे नॉरिस यांच्या मूळ कागदावर होती तेवढीच.

डेमोक्रॅटांशी सौदा करताना गट सोडणं भाग होतं हे मान्य. पण त्या बदल्यात काही मागता आलं असतं: ठरावीक सदस्यांनी सही केली की अडकलेलं विधेयक समितीतून थेट सभागृहात यावं, अशी तरतूद. त्या क्षणी डेमोक्रॅट विरोधात बसलेले होते, ती त्यांनाही सोयीची होती. ही कल्पना तेव्हा कुणाला सुचली नव्हती असं नाही. जून १९१० मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांनी, असा नियम झालाच. पण सुटा, वापरायला अवघड आणि बंडाचा जोर ओसरल्यावर. त्यावर नंतर रस्सीखेच होत राहिली. १९३१ मध्ये १४५ सह्या पुरेशा केल्या गेल्या, १९३५ मध्ये त्या वाढवून २१८.

किमान वेतन आणि कामाचे तास ठरवणारं विधेयक १९३७ मध्ये नियम समितीने अडवलं, १९३८ मध्ये पुन्हा अडवलं. मे १९३८ मध्ये सह्यांचा कागद सभापतींच्या मेजावर ठेवला गेला. सदस्य रांगेत उभे राहिले आणि दोन तास वीस मिनिटांत २१८ सह्या झाल्या.